हवापाण्याच्या गोष्टी

परकी भाषा शिकविणाऱ्या बहुतेक प्राथमिक पुस्तकांत एक पाठ ठरलेला असतो. नांव विचारणें, घरच्या माणसांची ओळख करून देणें, बाजारांत भाव करणें इतकें शिकवून झालें, कीं पुस्तककर्ता विद्यार्थ्यास हवेविषयीं बोलावयास लावतो. अरबी भाषेचें जें लहानसें पुस्तक गेलीं तीन वर्षें आमच्या टेबलावर आहे, त्यांतहि हा पाठ आहे. "आज हवा कशी आहे ?" "आज हवा उष्ण आहे." "काल थंडी होती काय ?" "होय, काल थंडी होती." अशा प्रश्नोत्तरांनीं त्याचीं चार पानें भरलीं आहेत. तर्कशास्त्र शिकविण्यांत हयात घालविलेल्या आणि पन्नाशी उलटलेल्या माणसानें हीं वाक्यें मोठ्यानें घोकीत बसावें, यांत थोडा विनोद आहे हें आम्हांस मान्य आहे. परंतु ह्या चार पानांनीं आमच्यापुढें एक प्रश्न उभा केला. तो नीतिशास्त्राचा प्रश्न आहे, आणि वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. जें दोघांसहि ठाऊक आहे तेंच एकमेकांस सांगणें ही वाणीची उधळपट्टी आहे, कीं तो वाणीचा एक धर्म आहे ?

आम्ही अरबीकडे कसे वळलों हें आधीं सांगितलें पाहिजे, कारण पुढील विवेचनाशीं त्याचा संबंध आहे. कोकणांतील आमच्या वडिलोपार्जित घरासंबंधीं आमचे वडील बंधु आणि आम्ही यांच्यांत बरींच वर्षें वाद चालू आहे. त्या वादापायीं एकदां जुन्या कागदांचें दप्तर आम्हीं सोडलें. त्यांत पेशवाईच्या काळांतील एका मोडी कागदावर 'सुहूर सन अर्बा सबैन मया व अलफ' असा काळ घातलेला आढळला. अर्बा म्हणजे चार, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. अर्थात् सुहूर सन ११७४, इसवी सनाच्या हिशेबानें १७७३-७४. कोकणांतल्या कोण्या कारकुनानें मराठी कागदावर वर्षाचा आंकडा अरबी शब्दांनीं लिहावा, याचें आम्हांस कौतुक वाटलें. अधिक कौतुक वाटलें तें पुढें. हा सन चौदाव्या शतकांत दख्खनेंत सुरू झाला, आणि सूर्य मृग नक्षत्रांत शिरला म्हणजे त्याचें वर्ष पालटतें. म्हणून त्यास मृगसाल असेंहि म्हणत. आंकडे अरबी, पण वर्षाचा आरंभ आमच्या पेरणीच्या पावसाबरोबर ! भांडणाचा पुरावा शोधावयास गेलों आणि हातीं एक भाषा लागली. तेव्हांपासून आम्ही अरबीचे वयस्क विद्यार्थी झालों आहों.

आतां त्या पाठाकडे वळूं. त्यांतील पहिलेंच वाक्य 'अल्-जव्वु हार्रुन् अल्-यौम' असें आहे. याचा शब्दशः अर्थ 'हवा उष्ण आज'. आपण जेथें 'आहे' म्हणतों तेथें अरबींत क्रियापद लागत नाहीं. दोन नामें शेजारीं शेजारीं ठेवलीं कीं वाक्य पुरें होतें. अशा वाक्याच्या पहिल्या भागास अरबी वैयाकरण 'मुब्तदा' म्हणतात, म्हणजे ज्यापासून आरंभ केला तें. आणि दुसऱ्या भागास ते 'ख़बर' म्हणतात. ही ख़बर आणि आपण मराठींत ज्याला खबर म्हणतों तो शब्द एकच. व्याकरणाच्या दृष्टीनें प्रत्येक विधेय ही एक बातमी आहे. आम्ही घामानें भिजलेले, समोरचा मनुष्यहि घामानें भिजलेला. आणि आम्ही त्यास 'ख़बर' देतों कीं आज उष्मा आहे!

ही विसंगति त्या वैयाकरणांच्या नजरेंतून सुटली होती असें मात्र कोणीं समजूं नये. उत्तम वाक्याचें लक्षण सांगतांना त्यांनीं दोन गोष्टी सांगितल्या. एक, तें ऐकणाराच्या उपयोगाचें असावें. आणि दुसरी, तें उच्चारल्यावर बोलणारानें गप्प राहणें शोभावें, म्हणजे ऐकणारा पुढल्या शब्दाची वाट पाहात अडकून राहूं नये. यावर पुढील टीकाकारांनीं शंका काढली कीं 'आकाश आपल्या डोक्यावर आहे' किंवा 'अग्नि उष्ण आहे' यांसारखीं वाक्यें ऐकणारास नवें कांहींच सांगत नाहींत; मग त्यांस 'भाषण' ही पदवी द्यावी कीं न द्यावी ? कोणी म्हणाले द्यावी, कोणी म्हणाले देऊं नये. आमच्या प्रश्नाचें हें जुनें, आणि कदाचित् सर्वांत नेमकें, रूप होय.

आम्ही स्वतः पुष्कळ वर्षें 'देऊं नये' म्हणणाऱ्यांच्या पक्षाचे होतों. इंग्रजी शिक्षणांत वाढलेल्या आमच्या पिढीनें इंग्रजांच्या ज्या संवयींची थट्टा केली, त्यांत हवेवरील गप्पांचा नंबर बराच वरचा. खुद्द डॉ. जॉन्सननेंहि १७५८ सालीं आपल्या देशबांधवांना या संवयीवरून चिमटा काढला आहे. आमचा आक्षेप अधिक गंभीर होता. मनुष्याला वाचा मिळाली आहे ती विचार सांगण्यासाठीं, असें आम्ही वर्गांत शिकवीत होतों. ज्या बोलण्यांत विचार नाहीं, माहिती नाहीं आणि निश्चयहि नाहीं, तें बोलणें म्हणजे खोटें नाणें. तें कोणाला फसवीत नसलें तरी चलन बिघडवितें. अशी आमची समजूत होती.

आणि या समजुतीस घरचा एक आधार होता. घराचा वाद विकोपास गेल्यापासून दादांशीं आमचें बोलणें केवळ टेलिफोनवर, तेंहि आठवड्यांतून एकदां, आणि केवळ हवेविषयीं होत असे. "पाऊस काय म्हणतो ?" असें आम्हीं विचारावें, "लागला आहे चांगला," असें त्यांनीं सांगावें, मग त्यांनीं पुण्याच्या उकाड्याची चौकशी करावी आणि संभाषण संपावें. टेलिफोन खालीं ठेवतांना दर वेळीं आमच्या मनांत येई कीं हा शुद्ध दंभ आहे. सख्खे भाऊ, एका पंक्तीला जेवून वाढलेले, आणि बोलतात काय तर ढगांविषयीं !

या मतास पहिला धक्का बसला तो एका शब्दानें. हवामान या अर्थीं अरबींत आज 'तक्स' हा शब्द रूढ आहे. कोशांत पाहतां त्याचा दुसरा अर्थ सांपडला : धार्मिक विधि, उपासनेचा ठरलेला क्रम. शब्द मूळचा ग्रीक. 'क्रम, व्यवस्था' या अर्थाचा. सीरियाकडील ख्रिस्ती लोकांच्या भाषेंतून तो अरबींत आला. ऋतूंना क्रम आहे आणि पूजेलाहि क्रम आहे, म्हणून दोहोंस एक शब्द पुरला असावा. पण आम्हांला त्यांत निराळाच अर्थ दिसूं लागला. पूजेच्या वेळीं जे शब्द उच्चारले जातात त्यांत तरी नवी माहिती कोठें असते ? आपण देवाला त्याचीं नांवें सांगतों; तीं त्याला ठाऊक नसतात काय ? तरी त्या उच्चाराला कोणी खोटें नाणें म्हणत नाहीं, कारण त्याचें मोल माहितींत नसून उपस्थितींत आहे. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानें १९२३ सालीं एका निबंधांत हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेंत मांडली होती : कुशल विचारणें, हवेविषयीं बोलणें या प्रकारचें भाषण विचार पोंचविण्यासाठीं नसतें, माणसामाणसांत बंध जोडण्यासाठीं असतें. निबंध आम्हीं विद्यार्थिदशेंत वाचला होता. परंतु वाचलेलें आणि पटलेलें यांत अंतर असतें.

दुसरी गोष्ट अशी कीं या परक्या पाठांत आम्हांस परकें फार थोडें सांपडलें. आपली 'हवा' अरबी आहे. 'मोसम' अरबी आहे. खूण करणें या अर्थाच्या धातूपासून तो निघाला, आणि अरब खलाशांच्या तोंडून पोर्तुगीजांच्या व त्यांच्याकडून इंग्रजांच्या भाषेंत जाऊन 'मान्सून' झाला. शेतकऱ्याचे 'खरीप' आणि 'रब्बी' हे दोन्ही अरबी ऋतूच आहेत. 'ख़रीफ़' म्हणजे शरद आणि 'रबीअ' म्हणजे वसंत. उलट ज्या कल्पना केवळ आपल्या असें वाटत होतें, त्याहि तिकडे निघाल्या. इंग्रज मनुष्य आदरातिथ्याला ऊबदार म्हणतो, कारण त्याचा देश थंड. आपले मात्र प्रिय माणूस पाहून डोळे निवतात. आणि अरबींतहि आवडत्या अपत्यास डोळ्यांचा गारवा या अर्थीं 'क़ुर्रतुल्-ऐन' म्हणतात. ज्याला 'हवापाण्याच्या गोष्टी' म्हणून आपण हिणवितों, त्यांतूनच दोन्ही भाषांनीं आपलें प्रेमाचें शब्दभांडार उचललें आहे. आपल्याकडे वडील माणूस धाकट्याला सांगतो कीं मीं तुझ्यापेक्षां चार पावसाळे अधिक पाहिले आहेत. आणि खेड्यांत दोन शेतकरी भेटले कीं पहिला प्रश्न पाऊसपाण्याचा असतो. त्यांच्या तोंडीं तो रिकामा नसतो. त्यांत पीक, कर्ज, मुलीचें लग्न सारें येतें.

तथापि शब्दांनीं मत डळमळतें, बदलत नाहीं. तें बदललें एका रुग्णालयांत. दोन वर्षांपूर्वीं आषाढांत दादांना हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठीं मुंबईस आणावें लागलें. वाद वाद, आणि आजार तो आजार. आम्ही पुण्याहून जाऊन त्यांच्याजवळ राहिलों. दिवसभर खोलींत बसत होतों आणि दादांशीं नित्याप्रमाणें पावसाविषयीं बोलत होतों. बाहेरच्या ओसरीवजा मार्गिकेंत एक वृद्ध अरब गृहस्थ बसलेले असत. ते ओमानच्या दक्षिणेकडील सलाला गांवचे होते. त्यांच्या नातवावर तेथें उपचार चालू होते. त्यांचा दुभाषा सकाळीं तासभर येई. एरवीं ते एकटेच खिडकींतून पाऊस पाहात बसत. तिसऱ्या दिवशीं आम्ही धीर करून त्यांच्याजवळ गेलों आणि आमच्या चार पानांतील एक वाक्य उच्चारलें : आज पाऊस आहे. पाऊस खिडकीवर थडाथडा आपटत होता. बातमी म्हणून त्या वाक्याची किंमत शून्य होती. वृद्ध गृहस्थांनीं वळून आमच्याकडे पाहिलें, ईश्वराचे आभार मानणारे दोन शब्द उच्चारले, आणि बाकावर सरकून आम्हांस जागा करून दिली.

त्यानंतर रोज दुपारीं आम्ही त्यांच्याशेजारीं बसूं लागलों. आमचें शब्दभांडार पाऊस, ढग, वारा, ऊन, काल, आज आणि उद्यां इतकेंच. उद्यांविषयीं कांहीं बोललों कीं ते हळूच 'इन् शा अल्लाह' जोडीत. उद्यांच्या हवेविषयीं ठाम विधान करूं नये हा विवेक त्यांच्या भाषेनें त्यांस दिला होता, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं तो आम्हांसहि पटला. एकदां खिडकीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ख़रीफ़." आम्हीं म्हटलें, "आमच्याकडेहि खरीप !" सलाल्याच्या डोंगरांवर जून ते सप्टेंबर धुकें व झिमझिम असते, ओसाड उतार हिरवे होतात, आणि त्या ऋतूला तेथील लोक ख़रीफ़ म्हणतात. तो पाऊस आणतो तोच नैर्ऋत्येचा वारा, जो आमच्या कोकणांत येऊन थडकतो. एका वाऱ्याखालीं वाढलेले दोन म्हातारे एका शब्दावर हंसलों. पुढें बोलण्यासारखें जवळ कांहीं नव्हतें. परंतु ती शांतता मुळींच अवघड वाटली नाहीं. ज्या वाक्यानंतर गप्प राहणें शोभतें तें वाक्य, ही वैयाकरणांची व्याख्या त्या दिवशीं आम्हांस कळली.

आणि मग सहाव्या कीं सातव्या दिवशीं, पावसाचें झाल्यावर, त्यांनीं विचारलें, "कैफ अख़ूक ?" तुमचा भाऊ कसा आहे ?

प्रश्न सोपा होता. त्याचे दोन्ही शब्द पुस्तकाच्या दुसऱ्याच पाठांत होते. तरी आम्हांस उत्तर देतां येईना. रक्तदाब किती, ताप किती, हें सारें आम्हांस ठाऊक होतें. परंतु दादा कसे आहेत, हें आम्हीं त्यांना विचारलेंच नव्हतें. ज्या हवेच्या पायरीवरून हा परका माणूस सात दिवसांत आमच्या भावापर्यंत पोंचला, त्याच पायरीवर आम्ही दोघे भाऊ सात वर्षें उभे होतों. आम्ही खोलींत परत गेलों. दादा जागे होते. आम्हीं विचारलें, "दादा, तुला भीति वाटते का रे ?" ते बराच वेळ खिडकीकडे पाहात राहिले. मग म्हणाले, "वाटते. आणि पडवीचीं कौलें परतायचीं राहिलीं आहेत यंदां. एवढा पाऊस, गळत असेल." तीं कौलें म्हणजे त्याच वादग्रस्त घराचीं. सात वर्षांत त्या घराचा उल्लेख आम्हां दोघांत प्रथमच वकिलावांचून झाला.

येथें वाचक म्हणतील कीं मग हवेच्या गोष्टी निर्दोषच ठरल्या. तसें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. दोन आक्षेप राहतातच.

पहिला असा कीं हवेविषयींचें बोलणें समतेचा आभास उत्पन्न करतें. इजिप्तच्या बोलीभाषेंत उकाडा झाला म्हणजे 'दुनिया गरम आहे' अशा अर्थाचे शब्द योजतात. वाक्य सुंदर आहे. परंतु दुनिया सर्वांना सारखी गरम नसते. कुवेतमधील मित्रीबा येथें २१ जुलै २०१६ रोजीं ५३.९ अंश सेल्सिअस तपमान नोंदलें गेलें, आणि जागतिक हवामान संघटनेनें ती नोंद ग्राह्य धरली आहे. अशा उन्हांत इमारतीच्या परांचीवर उभा असलेला मजूर आणि यंत्रानें गार केलेल्या खोलींतील त्याचा मालक, दोघेहि 'आज उष्मा आहे' म्हणतील. वाक्य एक, पण सत्यें दोन. संयुक्त अरब अमिरातींत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळांत दुपारीं साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरी करविण्यास कायद्यानें मनाई आहे. अर्थात् तेथें हवा हा गप्पांचा विषय न राहतां न्यायाचा विषय झाला. आखातांत पोटासाठीं गेलेले आपले कित्येक लोक हें अनुभवानें जाणतात. जो मालक मजुराला हवेविषयीं विचारतो आणि उत्तर ऐकून सावलीची सोय करीत नाहीं, त्याचें तें विचारणें खरोखरच खोटें नाणें होय.

दुसरा आक्षेप आमचाच, आणि आमच्यावरच. हवेच्या गोष्टी दार उघडतात तशा दाराला अडसरहि घालतात. आम्ही भाऊ पावसाविषयीं बोलत होतों तें घराविषयीं बोलावें लागूं नये म्हणून. तेव्हां आमचा जुना संशय सर्वस्वी चुकीचा नव्हता, दंभ होताच. चूक झाली ती दंभ कोठें आहे हें ओळखण्यांत. पावसाविषयीं विचारणें हा दंभ नव्हता. उत्तर ऐकून पुढचा प्रश्न गिळणें, हा होता.

यावरून आम्हांस जी कसोटी सुचते ती साधी आहे. हवेविषयींच्या वाक्यांतील ख़बर हवेची नसते. 'आज पाऊस आहे' याचा अर्थ, मी येथें आहें, तुम्हीहि येथें आहां, आणि आपण एका आकाशाखालीं आहों. ही बातमी ऐकणारास ठाऊक असतेच असें नाहीं. रुग्णालयाच्या बाकावर एकट्या बसलेल्या माणसाला ती मुळींच ठाऊक नसते. म्हणून आम्ही आतां 'भाषण ही पदवी द्यावी' म्हणणाऱ्या पक्षांत आलों आहों. मात्र एका अटीवर. बोलणारानें त्या बातमीची जबाबदारी घेतली पाहिजे. मी येथें आहें असें जो सुचवितो, त्यानें पुढें 'तुम्ही कसे आहां' हें विचारण्यास आणि उत्तर ऐकून घेण्यास तयार असलें पाहिजे. प्राथमिक पुस्तकांत हवेचा पाठ आरंभीं असतो याचें कारण तो सोपा आहे हें तर खरेंच. परंतु तो आरंभींचा आहे, शेवटचा नव्हे, हेंहि विद्यार्थ्यानें विसरूं नये.

वृद्ध गृहस्थ नातवाला घेऊन स्वदेशीं गेले. निघतांना त्यांनीं हातानेंच आकाश दाखविलें आणि आमचा हात बराच वेळ हातांत धरला. दादा बरे होऊन कोकणांत परतले. घराचा वाद अद्याप मिटलेला नाहीं, आणि मिटेल असें छातीठोकपणें सांगण्याचें आम्ही अरबी भाषेकडून सोडून देण्यास शिकलों आहों. त्या वर्षीं कौलें मात्र दोघांच्या खर्चानें परतलीं गेलीं. दर रविवारीं टेलिफोन होतो. पहिला प्रश्न अजून तोच असतो, "पाऊस काय म्हणतो ?" दुसरा कोण विचारतो, याची आतां आम्ही वाट पाहात नाहीं.